डोळे मिटून ॲमस्टरडॅम

गेनभाऊ घास तोंडात घालायचे, डोळे मिटायचे आणि गावाचं नाव सांगायचे.

"रोटरडॅम." मग पुन्हा चावायचे. "बंदराची बाजू."

एस.टी.चा कंडक्टर पेंगणाऱ्या प्रवाशांना स्टँडाचं नाव सांगतो, तसा आवाज. फरक इतकाच की कंडक्टरची गाडी खरोखर त्या गावात पोचलेली असते. गेनभाऊंची पोचत नसे, आणि ते तसं कबूलही करत. घास गिळून, डोळे उघडून, मान हलवत म्हणायचे, "वेशीपर्यंत आलो, सर. आत न्हाई गेलो."

मी येडगावला त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो आणि शाळेत इंग्रजी शिकवायचो. माडीच्या खिडकीतून धरणाचं पाणी दिसे. इतक्या चांगल्या जागेसाठी माझीच निवड का झाली, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. गेनभाऊ एक निळा गोल डबा घेऊन वर आले आणि म्हणाले, "ह्याच्यावर काय लिव्हलंय तेवढं वाचा. बारीक अक्षरातलं बी वाचा. मोठं अक्षर कंपनीचं असतं, खरं काय ते बारकं." डब्यात चीज होतं. मी घटकपदार्थांची यादी वाचून दाखवली. ते लक्षपूर्वक ऐकत होते, कोर्टाचा निकाल ऐकावा तसं. "जनावराचं काय न्हाई ना?" नव्हतं. त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि डबा खाली नेला. पुढं काही वर्षांनी डब्यांवर शाकाहाराचा हिरवा ठिपका यायला लागला, तेव्हा मला वाटलं, आता माझी जागा जाते. पण त्यांचा ठिपक्यावर विश्वास नव्हता. "ठिपका कुणी बी काढील," ते म्हणायचे.

हे सगळं सुरू झालं ते नव्वदीच्या दशकातल्या एका अभ्यासदौऱ्यामुळं. तालुक्यातले काही द्राक्ष बागायतदार युरोपला गेले होते, त्यात गेनभाऊ होते. द्राक्षांच्या अभ्यासासाठी हॉलंड का निवडलं, हे मी पुष्कळांना विचारून पाहिलं. तिथं द्राक्षं पिकत नाहीत, फक्त जहाजातून उतरतात. पण दौऱ्याच्या आधी 'अभ्यास' हा शब्द लागला की असे प्रश्न विचारायचे नसतात. मंडळींनी रोटरडॅमला पेट्या उतरताना पाहिल्या, ॲमस्टरडॅमच्या बाजूला फुलांचा लिलाव पाहिला, जर्मनी आणि पॅरिस बसच्या काचेतून पाहिलं आणि परत येऊन गावोगाव सत्कार घेतले. सत्काराला उत्तर देताना बाकीचे तिकडच्या शेतीवर बोलले. गेनभाऊ तिकडच्या जेवणावर बोलले.

ते भाषण मी ऐकलेलं नाही, पण गावाला पाठ होतं. तिकडचा पाव वरून विटेसारखा आणि आतून कापसासारखा. चीज असं, की आधी जिभेला राग येतो आणि मग जीभच दुसरा तुकडा मागते. कोबी आंबवतात आणि हिवाळाभर पुरवून खातात. बायकांच्या बाजूला गेनभाऊंच्या पत्नी हौसाकाकू बसल्या होत्या. शेजारणींनी त्यांना कोपरानं ढोसून विचारलं, "अगं, आता तुझ्या हातचं ग्वाड लागंल का ह्यांना?" काकूंनी पदर तोंडाला लावला म्हणे.

बाकीच्यांचा युरोप हारांबरोबर सुकून गेला. गेनभाऊंचा तिथून सुरू झाला. कॅमेऱ्याचा रोल धुऊन आणला तेव्हा तो सबंध काळा निघाला होता, त्यामुळं फोटो एकही नाही. "फोटू गेलं तर जाऊ दे," ते म्हणत. "चव डोक्यात हाय. एकदा ती बराबर गावली की सगळं गाव परत दिसंल." ही चव गाठण्यासाठी ते पुण्याच्या कॅम्पात जाऊन दुकानं धुंडाळायचे. तिथले दुकानदार त्यांच्या धोतराकडं पाहून त्यांना आधी पापड दाखवायचे.

एकदा त्यांनी ऑलिव्हची बाटली आणली. नवी वस्तू आली की पहिला घास हौसाकाकूंना द्यायचा, हा नियम होता. "खा, म्हंजी मला तिकडं काय लागलं व्हतं ते तुला कळंल." काकू घास खायच्या, थोडा विचार करायच्या आणि दर वेळी एकच वाक्य म्हणायच्या, "तुमी सांगितलं व्हतं तसंच हाय." ऑलिव्ह खाऊनही त्या तेच म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी बाटली पातेल्यात रिकामी केली आणि मोहरी-हिंगाची फोडणी देऊन वर गुळाचा खडा टाकला. गेनभाऊंनी ते भाकरीबरोबर खाल्लं. डोळे मिटले.

"हे जरा खालच्या अंगाचं हाय."

"इटली?" मी विचारलं.

"त्याच्याबी खाली."

"तुम्ही इटलीला गेला होता का?"

"न्हाई ना. म्हणून तर लांबून आल्यागत वाटतंय."

पावाचं काम जुन्नरच्या इस्माईलभाईंकडं होतं. त्यांची बेकरी वडिलांपासूनची. खारी, टोस्ट आणि नानकटाई यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. गेनभाऊंनी काळा, कडक, जड पाव मागितला तेव्हा इस्माईलभाईंनी हातातलं काम थांबवलं.

"काळा पाव? भाऊ, पाव काळा झाला तर आमी तो गिऱ्हाइकाला दावत नाय. म्हशीवाला येऊन घेऊन जातो."

"तिकडं असाच खात्यात."

"तिकडं म्हशी नसतील."

तरीही त्यांनी करून दिला. राय नावाचं धान्य इथं मिळत नाही, म्हणून गेनभाऊंनी ती बाजरीची चुलत बहीण आहे असं ठरवून टाकलं होतं. बाजरीच्या पिठाचा तो पाव भट्टीत फुगला नाही. जसा गेला तसाच, फक्त जास्त निश्चयी होऊन बाहेर आला. त्यावर नारळ फोडता आला असता. इस्माईलभाईंनी तो कागदात बांधून दिला आणि म्हणाले, "कुणी विचारलं तर आमचं नाव सांगू नका. चार गावात इज्जत हाय." घरी काकूंनी तो ताकात भिजवला. गेनभाऊंनी डोळे मिटून सांगितलं, "जर्मनी. बसमधनं दिसला तेवढा."

कोबीची गोष्ट मी थोडक्यात सांगतो, कारण ती थोडक्यातच बरी. एका वर्षी कोबीला बाजार नव्हता, तेव्हा त्यांनी तो चिरून, मीठ लावून, वर दगड ठेवून एका नव्या ड्रममध्ये आंबत घातला. तिकडच्या हिवाळ्यात जे होतं ते इकडच्या वैशाखात झालं नाही, दुसरंच काहीतरी झालं. वस्तीवरचे लोक आपापल्या गोठ्यात मेलेला उंदीर शोधू लागले. शेवटी ते म्हशीपुढं टाकलं. म्हशीनं एकदा हुंगलं आणि माझ्याकडं पाहिलं, कारण तिथं शिकलेला मीच होतो.

गावात हे सगळं कौतुकानं खपून जायचं. खपत नव्हतं ते फक्त एकाला. पलीकडच्या वस्तीवरचे शांतारामभाऊ त्याच दौऱ्यात होते, आणि त्यांच्या सत्काराचं भाषण कोणालाही पाठ नव्हतं. पारावर चार माणसं जमली की ते सुरू करायचे.

"आरं, जेवायच्या टायमाला हा गडी आमाला कधी दिसलाच न्हाई. आमी टेबलावर, ह्यो गायब!"

"तुमी हाटेलात खाल्लं. मी गावात हिंडून खाल्लं. हाटेलात का गावाची चव असती?"

"गळ्यात माळ घालून? तिकडलं चीज वासराच्या पोटातलं विरजण लावून करत्यात म्हणून गाईडनं पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं!"

"मी ईचारून खाल्लं."

"कंच्या भाषेत?"

यावर गेनभाऊंना नेमकी शेतातली मोटार आठवायची. पारावरून उठून ते मोटारीकडं जायचे, मग वीज असो वा नसो.

मला स्वतःला या वादात रस नव्हता. परदेश पाहून आलेली आणि तिथलं सगळं समजून आलेली पुष्कळ माणसं मी पाहिली होती. त्यातल्या बहुतेकांपेक्षा गेनभाऊंचं बरं, ते निदान वेशीपर्यंतच गेल्याचं कबूल करत होते. पण वादात मी ओढला गेलो तो खोडदमुळं.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. शाळेतल्या मुलांना घेऊन मी खोडदच्या रेडिओ दुर्बिणी पाहायला गेलो. शेतात उभ्या त्या थोरल्या तबकड्या मुलांना विजेच्या खांबांइतक्याच ओळखीच्या होत्या, त्यामुळं त्यांनी सगळं लक्ष तिथं कामाला आलेल्या एका उंच गोऱ्या माणसावर दिलं. माणूस गमत्या होता. मुलांनी विचारलं, कुठले? तो म्हणाला, हॉलंड. संध्याकाळी चहा पिताना मी हे सहज सांगून बसलो.

"हॉलंडचा?" गेनभाऊंनी बशी खाली ठेवली. "मंग आपलाच की! जेवायला बोलवा त्याला. आपल्या गावात येऊन पोरगं उपाशी ऱ्हायला नको."

ते पोरगं पन्नाशीचं होतं. पण मी निरोप धाडला, त्यानं आनंदानं होकार दिला, आणि दुसऱ्या दिवशी शांतारामभाऊ स्वतः चालत घरी आले. "आमी बी येतो जेवायला. हॉलंडच्या माणसाला तुमचं हॉलंड वळखू येतंय का बघू." हे त्यांनी अंगणात उभं राहून, रस्त्याला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं. तिन्हीसांजेपर्यंत सगळ्या वस्तीला समजलं की येत्या रविवारी निकाल आहे. पाहुण्यानं जेवण ओळखलं तर गेनभाऊंनी युरोप खाल्ला. नाही ओळखलं तर इतकी वर्षं त्यांनी फक्त गाव खाल्लं.

गेनभाऊंनी तयारी केली, पण पूर्वीचा उत्साह नव्हता. इस्माईलभाईंकडून दुसरा पाव आला, कॅम्पातून चीज आलं, थंडीचे दिवस असल्यानं या खेपेचा कोबी बऱ्यापैकी आंबला. ते सगळं ओट्यावर मांडून गेनभाऊ त्याच्याकडं बघत बसत, परीक्षेच्या आदल्या दिवशी न उघडलेल्या पुस्तकाकडं पोरं बघतात तसे.

हौसाकाकूंची वेगळीच तयारी चालली होती. त्यांनी दुधात पीठ मळून, गूळ घालून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि कडीचा एक जुना स्टीलचा डबा फडताळातून काढला. "हितलं काम झालं की त्याला मायदेशी जायचंय म्हणं. एवढ्या लांब जायचंय माणसाला, हातात काय द्याया नको?"

डबा पाहून गेनभाऊ उठले आणि मोटार बंद करायला गेले. वीज सकाळपासून नव्हती.

त्या रविवारी पाहुणा आलाच नाही. काम निघालं, पुढच्या रविवारी येतो, असा निरोप आला. शांतारामभाऊ इस्त्रीची टोपी घालून आले होते, ते "बरं, आठ दिस वाढलं आयुष्य" म्हणून परत गेले. दशम्यांचा डबा फडताळावर तसाच राहिला. पुढच्या शनिवारी काकूंनी पाहुण्यासाठी ताज्या केल्या. "शिळ्या आपल्याला," त्या म्हणाल्या.

पाहुणा आला. ओसरीवर सतरंजी टाकली. तो मांडी घालायचा प्रयत्न करता करता शेवटी पाय पसरून भिंतीला टेकला. शांतारामभाऊ बरोबर समोर बसले, जिथून चेहरा नीट दिसेल असे. ताटं आली. बाजरीचा पाव, चीजचे तुकडे, फोडणीचे ऑलिव्ह, आंबलेला कोबी. काकूंनी कडेला गुपचूप पिठलं-भातही वाढला होता.

पाहुण्यानं पाव उचलला, वजन पाहिलं आणि सभ्यपणानं खाली ठेवला. मग कोबी खाल्ला. पुन्हा खाल्ला. त्याला तो खरोखर आवडला होता. "फारच छान," तो मला इंग्रजीत म्हणाला. "तुमच्या या भागातला खास पदार्थ दिसतो. काय म्हणतात याला?"

"काय म्हणाला?" शांतारामभाऊ पुढं सरकले.

"फारच छान, म्हणाला," मी सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. मी फक्त भाषांतर वेळेवर थांबवलं.

गेनभाऊंनी श्वास सोडला. त्यांच्या ताटातलं अन्न जसं वाढलं होतं तसंच होतं. पण पाहुणा बोलका निघाला. गेनभाऊ त्याच्या देशात जाऊन आले आहेत हे त्याला मी आधीच सांगितलं होतं. त्यानं हात पुसले आणि मोठ्या आपुलकीनं त्यांनाच विचारलं, "आमच्याकडं तुम्ही काय काय खाल्लंत? सगळ्यात जास्त काय आवडलं?"

याचं भाषांतर थांबवता येण्यासारखं नव्हतं, तो थेट गेनभाऊंकडं बघत होता. मी प्रश्न सांगितला.

"सांगा की, गेनभाऊ," शांतारामभाऊ हळूच म्हणाले. "आता तर भाषेची बी अडचण न्हाई."

गेनभाऊंनी माळेला हात लावला. माळ बोटात धरून खोटं बोलणं त्यांना जमणार नव्हतं आणि माळ सोडायला हात तयार नव्हता. मोटारीकडं जायलाही वाट नव्हती, वाटेत पाहुण्याचे पाय होते.

तेवढ्यात दारातून हौसाकाकूंचा आवाज आला. "सर, त्यांना म्हणावं, आमच्यात पावण्यानं काय खाल्लं हे ईचारत न्हाईत. पोट भरलं का, एवढंच ईचारायचं असतं."

मी ते शब्दशः सांगितलं. पाहुण्याला ही रीत फार पसंत पडली. त्यानं हसून हात जोडले आणि गेनभाऊंना विचारलं, आमच्या देशात तुमचं पोट भरलं का?

"भरलं," गेनभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांत युरोपाबद्दल त्यांनी इतक्या ठामपणे काही सांगितल्याचं मला आठवत नाही. "रोज भरलं."

पाहुणा पिठलं-भात दोनदा मागून घेऊन, ताज्या दशम्यांचं गाठोडं काखेला मारून गेला. शांतारामभाऊ टोपी नीट करत उठले. "पोट भरलं का, म्हणं! हे तर बैलाला बी ईचारत्यात," असं म्हणत तेही गेले. पण निकाल काय लागला हे रस्त्यातल्या लोकांना सांगणं त्यांनाही अवघड गेलं असावं, कारण ते बराच वेळ फाट्यावर नुसतेच उभे होते.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेलो. काकू ओट्यावर भांडी आवरत होत्या. गेनभाऊ भिंतीला टेकून खाली बसले होते, सकाळपासून पोटात काही नसलेल्या माणसासारखे.

"काय हाय का खायला?"

"पाव हाय तुमचा."

"पाव नको."

"मंग डब्यात मागल्या आयतवारच्या हायेत. कडक झाल्या असत्याल."

गेनभाऊंनी फडताळावरून डबा काढला. कडी उघडली तसा गुळाचा, तेलाचा आणि बंद स्टीलचा मिळून एक वास बाहेर आला. दशमी मोडताना टक् आवाज झाला. त्यांनी तुकडा चटणीला लावून तोंडात टाकला आणि सवयीनं डोळे मिटले.

मी गावाच्या नावाची वाट पाहिली. ते चावत राहिले. नाव येईना.

"कुठवर आलो, गेनभाऊ?" मी विचारलं. "वेस?"

त्यांनी मान हलवली. "आत," ते म्हणाले. आवाज कंडक्टरचा नव्हता.

मग डोळे मिटूनच बोलू लागले. "कालव्याच्या कडंला बाकडं हाय. वल्लं हाय. उपरण्यानं पुसलं मी. मंडळी पलीकडं हाटेलात गेल्यात, म्हणून त्यांच्याकडं पाठ करून बसलोय. डबा मांडीवर. थंडी अशी, की बोटांना कडी उघडंना. सायकली चालल्यात, सायकलीच सायकली, घंटा वाजवीत. एक म्हातारी थांबली. तिनं मला हात केला, म्हणून मी बी केला. चटणीचाच हात." त्यांनी दशमीचा आणखी एक तुकडा मोडला. "आन् बदक. हिरव्या मुंडक्याचं. पाण्यातनं सरळ माझ्याकडं आलं आन् बघत ऱ्हायलं. एकट्यानं खायचं कसं? मोडून दिला तुकडा."

आजवर गेनभाऊंनी मला युरोपातली गावं पुष्कळ सांगितली होती. त्या गावांत एकही माणूस किंवा बाकडं नव्हतं. ते सगळं आज पहिल्यांदाच येत होतं, आणि हे पारावर सांगता येणार नाही हे त्यांनाही कळत असणार.

काकूंनी वळून पाहिलं नाही. हातातलं पातेलं पुसत म्हणाल्या, "तिकडनं हा डबा चाटून-पुसून रिकामा आला व्हता. मी तवाच म्हनलं, एवढं खाल्ल्यावर चीजला जागा कुठं ऱ्हायली असंल."

गेनभाऊंचं चावणं थांबलं. डोळे मात्र मिटलेलेच होते. बाहेर कुठंतरी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, वीज आली होती. ते उठले नाहीत.

काकूंनी पातेलं पालथं घातलं.

"बदकाला आवडली का पर?"

"लई," गेनभाऊ म्हणाले. "आणखी मागत व्हतं."